झाडावरचं गवत

गावातल्या निम्म्या लोकांची घरं ज्यानं बांधली, त्याला सगळे तंबूराव म्हणायचे. कारण अगदी साधं. सुट्टीचा दिवस आला की हा माणूस पाठीवर तंबू टाकून डोंगरात पसार. स्वतःच्या हातानं बांधलेलं पक्कं घर, त्यात चांगली जाड गादी, ती सोडून हा दगडावर पाठ टेकायला जायचा. बायको पहिली दोन-तीन वर्षं भांडली, मग बघू तरी काय आहे म्हणून सोबत गेली, आणि आता तंबूच्या खुंट्या तिच्याइतक्या घट्ट त्यालाही ठोकता येत नाहीत, असं ती स्वतःच सांगते. तो नाही म्हणत नाही. नाही म्हणायची त्याची सवय लढाईतच मोडली, असं त्याचा मुकादम म्हणायचा. मुकादम म्हणजे त्याचा पंचवीस वर्षांपासूनचा मुख्य गवंडी. तोंड असं की विटेला लावलं तर वीट तडकेल.

लढाईत तंबूराव खणण्या-बांधण्याच्या तुकडीत होता. खंदक खण, खंदक बुजव, पूल बांध, पूल उडव. परत आला तेव्हा एक पदक, एक अधू गुडघा आणि एक नियम घेऊन आला. पदक कपाटात जाऊन बसलं, गुडघा जिन्यावर बसला, आणि नियम गिऱ्हाइकांच्या डोक्यावर.

नियम असा. जागेवर फक्कीची पहिली रेघ मारायच्या आधी मालकानं तिथं एक अख्खा दिवस बसायचं. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. घडीची खुर्ची तंबूराव देणार, पाणी तंबूराव देणार. फोन बंद, पेपर बंद. तंबूराव दर तासाला सावली कुठवर आली तिथं खुंटी ठोकणार, आणि संध्याकाळी उलट्या घमेल्यावर बसून मालकाला एकच विचारणार, "काय काय दिसलं?"

लोक हसायचे, पण बसायचे. एक दातांचा डॉक्टर अकरा वाजताच तोंड उघडं टाकून झोपला, आणि रस्त्यानं जाणाऱ्या त्याच्या पेशंटांनी थांबून आत डोकावून घेतलं. एक नवीन लग्न झालेलं जोडपं सकाळी खुर्चीला खुर्ची लावून बसलं होतं, चार वाजता पाठीला पाठ लावून बसलेलं. संध्याकाळी नवरा म्हणाला, काही दिसलं नाही, पण घराला दोन दारं काढा. तंबूरावानं काढली. अजून नांदतायत.

आता त्याच्या घराबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बैठकीच्या खोलीत समोरच्या भिंतीवर बायकोच्या भावाचा फोटो. गणवेशातला, टोपी जरा तिरकी, ओठ हसायच्या बेतात. तो तंबूरावाच्याच तुकडीतला, त्याचा जिवाभावाचा दोस्त. फोटोखाली पितळी पट्टी, तिच्यावर कोरलेलं, 'शत्रूशी झुंजताना धारातीर्थी'. आणि त्याखाली एका बुटक्या स्टुलावर त्याचे लष्करी बूट. काळे, लखलखीत. दर महिन्याच्या एक तारखेला बायको ते पॉलिश करायची. हे बूट लढाई संपल्यावर तंबूरावानंच आणून दिलेले. बूट पोचवायला गेला आणि जावई होऊन परत आला, ही मुकादमाची ठेवणीतली गंमत. नवीन मजूर आला की त्याला ती एकदा ऐकायलाच लागायची.

लग्नानंतर तिनं एकदाच विचारलेलं, की दादा लढताना गेला तर त्याचे बूट एवढे कोरडे आणि कोरे कसे? तंबूराव म्हणाला, जास्तीचा जोड होता. ती बरं म्हणाली. खंदक खणणाऱ्या साध्या शिपायाला जास्तीचा जोड म्हणजे चपराश्याला दोन खुर्च्या, पण तिनं बरं म्हणून सोडून दिलं.

आणि मग एका सकाळी साहेब आले.

साहेब म्हणजे लढाईत यांच्या तुकडीवरचे अधिकारी. नंतर फार मोठे झाले, आणि निवृत्त झाल्यावर अजून मोठे झाले. शाळाशाळांतून शौर्यावर भाषणं द्यायचे. भाषणात हमखास एक गोष्ट, ओढ्याकाठच्या झुंजीची. चार पोरांनी अख्खी वाट कशी रोखून धरली आणि चौघंही कशी पडली. त्या चौघांतला एक म्हणजे भिंतीवरचा फोटो. पहिल्या वर्षी त्या गोष्टीत शत्रू वीस होते. आता साठ झालेले. लढाई थांबून इतकी वर्षं झाली, पण साहेबांच्या भाषणात शत्रूची भरती काही थांबली नव्हती.

साहेब खोलीत आले, फोटोसमोर खाडकन उभे राहिले, सॅल्यूट ठोकला आणि सोफ्यावर बसून तीच गोष्ट पहिल्यापासून सांगितली. बायको चहाचा ट्रे हातात धरून उभीच्या उभी ऐकत राहिली. चहावर साय आली. साहेब बुटांकडे बोट करून म्हणाले, "या बुटांचा आवाज अजून कानात आहे, ताई. धाड धाड धाड पुढं गेला तुमचा भाऊ." बायकोनं डोळे पुसले. तंबूराव खिडकीबाहेर बघत होता. खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं, शेजाऱ्याची पाण्याची टाकी होती.

मग साहेब मुद्द्यावर आले. गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी जागा घेतलीय, निवांत, झाडीत. घर बांधायचं, आणि ते बांधणार आपला जवान. तंबूरावानं तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "म्हणजे काय, दादाच्या साहेबांचं घर. हे नाही तर कोण बांधणार?"

दुसऱ्या दिवशी तंबूराव मुकादमाला घेऊन जागा बघायला गेला, आणि जागेच्या कडेला जो उभा राहिला तो हलेचना.

जागा म्हणजे कोरड्या ओढ्याचं वळण. पांढरी, मऊसूत वाळू, गुळगुळीत गोटे, दोन्ही बाजूंना झाडांची गार सावली. कुणालाही वाटावं, इथंच चटई टाकावी आणि लवंडावं. आणि झाडांच्या बेचक्यांत, माणसाच्या डोक्याच्याही वर, वाळक्या गवताचे आणि काटक्यांचे पुंजके अडकलेले. डोंगरात फिरणाऱ्याला ते वाचायला शाळा लागत नाही. पाणी इथवर येतं, असं झाडानं स्वतः लिहून ठेवलेलं असतं.

मुकादम म्हणाला, "साहेबांनी घर मागवलंय की होडी?"

तंबूराव हसला नाही. कारण ही जागा त्यानं आधी पाहिलेली होती. ही नव्हे, पण हुबेहूब अशी.

तेव्हाचं खरं असं, की झुंज वगैरे काही झालीच नव्हती. शत्रू तिथून दोन दिवसांच्या वाटेवर, आणि तोही बहुतेक जेवत असावा. भर दुपार, आभाळात ढगाचा ठिपका नाही. पहाटेपासून चालून पोरं मेटाकुटीला आलेली. साहेबांनी हुकूम सोडला, ओढ्यात वाळूवर आडवे व्हा. स्वतःचा तंबू मात्र वर काठावर लावून घेतला, वारं येतं म्हणून. तंबूरावानं तेव्हाच झाडाकडे बोट दाखवलेलं. साहेब, वर गवत अडकलंय, इथं पाणी येत असणार. साहेबांनी मान वर केली, बघितलं आणि म्हणाले, घरटी असतील. सगळे हसले. दोस्त सगळ्यात जास्त हसला. पायातले बूट काढून त्यानं तंबूरावाकडे फेकले आणि म्हणाला, तू जा वर घरट्यात, आणि जाताना हे वाळत टाक. तंबूराव काठावर चहाचं आधण बघत होता. पाऊस कुठं तरी लांब डोंगरात पडून गेला असणार. आधी आवाज आला, मग पाणी. काठाजवळची पोरं धडपडत वर आली. मधल्या वाळूवरचे चौघं झोपेतच गेले.

तीन दिवसांनी साहेबांनी कागद पुढं केला. त्यात झुंज होती. साक्षीदार म्हणून खाली सही हवी होती. तंबूरावानं केली. वीस वर्षांचं वय, समोर साहेब, हात आपोआप गेला. त्या सहीचं पदक झालं. तुकडीतले बाकीचे पुढच्या लढाईत संपले, जे उरले ते गप्प बसले. आणि तंबूराव चौघांपैकी एकाच्या बहिणीशी लग्न करून, रोज त्या पितळी पट्टीखाली बसून जेवत आला.

म्हणजे आता पेच बघा. घर बांधावं तर ते पाण्याच्या तोंडात. न बांधावं तर बायको विचारणार का, आणि ते का सांगायचं म्हणजे तिच्या भावाचं मरण तिच्या हातून काढून घ्यायचं, आणि नवराही.

त्यानं मग आधी पळवाटा काढून पाहिल्या. गुडघा दुखतो म्हणाला. बायको म्हणाली, रविवारी डोंगर चढताना नाही दुखत. मुकादम रजेवर जातोय म्हणाला. मुकादम तेव्हा नेमका ओट्यावर चहा पीत बसलेला. तो म्हणाला, "मला रजा? आधी सांगायचं ना, कपडे धुतले असते."

शेवटी तंबूरावाला आपला नियम आठवला. साहेबांना दिवसभर बसवायचं. समोर झाडं आहेत, झाडात गवत आहे, डोक्याला डोळे आहेत. दिवसभरात माणसाला दिसेल की नाही? साठ शत्रू ज्याला दिसतात त्याला चार गवताचे पुंजके दिसणार नाहीत? इतकी वर्षं माणसांची घरं बांधून हा एवढा भाबडा कसा राहिला, मला कोडं आहे.

साहेब सूर्याबरोबर आले नाहीत, साडेनऊला आले. ड्रायव्हर, घडीचं टेबल, छत्री, थर्मास आणि पेपरांचा गठ्ठा असा सगळा सरंजाम. तंबूरावाची खुर्ची त्यांनी पाय ठेवायला घेतली. तंबूराव खुंट्या ठोकत होता, मुकादम झाडाखाली बसून मजा बघत होता. साहेब दिवाणखाना कुठं, पुस्तकांची खोली कुठं, आणि झुंजीचा देखावा रंगवून घ्यायला मोठी भिंत कुठं, हे काठीनं हवेत दाखवत होते. अकरा वाजले, बारा वाजले. साहेबांनी पेपरातली सगळी पानं बघितली, झाड एकही बघितलं नाही.

एकच्या सुमारास बायको डबा घेऊन आली. दादाच्या साहेबांना बाहेरचं खायला लागू नये म्हणून स्वतः चालत आलेली. डबा टेबलावर ठेवला, पदर खोचला आणि सवयीनं चारी बाजूंना नजर फिरवली. तंबू कुठं लावायचा हे बघते तशी. वाळू बघितली, गोटे बघितले, मग झाडाचं खोड बघत बघत तिची नजर वर गेली आणि तिथंच थांबली.

"साहेब," तिनं विचारलं, "झाडात ते काय अडकलंय हो?"

साहेब डब्याचं झाकण काढत होते. मान जेमतेम वर करून म्हणाले, "घरटी असतील."

तंबूरावाचा हातोडा खुंटीवर पडायचा तो हवेतच राहिला.

"तेव्हाही हेच म्हणाला होतात," तो म्हणाला.

"तेव्हा म्हणजे कधी?" बायकोनं विचारलं. साहेबांना नाही, त्याला.

"जवान," साहेब म्हणाले. हळूच, पण त्या जुन्या आवाजात. आणि तंबूरावाची पाठ आपोआप ताठ झाली, टाचा जुळल्या, हातोडा मांडीला चिकटला. पन्नाशी गाठलेला माणूस, अधू गुडघ्यासकट सावधान. बायकोनं ते पाहिलं. मला वाटतं, निम्मं तिला तिथंच कळलं.

ती साहेबांकडे वळली. "माझा दादा लढताना अनवाणी होता का, साहेब?"

साहेब म्हणाले, लढाईत असले बारकावे कुणाच्या लक्षात राहतात, ताई.

"बुटांचा आवाज अजून कानात आहे म्हणालात, परवा. मी ते बूट तीस वर्षं पुसतेय. शिवणीत वाळूचा कण सापडला नाही मला."

साहेबांनी डब्याचं झाकण परत लावलं.  मग तंबूराव बोलला. सावधानमध्येच उभा राहून, समोर झाडाकडे बघत, हजेरी दिल्यासारखं त्यानं सगळं सांगितलं. वाळू, घरटी, चहाचं आधण, फेकलेले बूट, कागदावरची सही. काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही. 

साहेब लाल झाले. पण माणूस नुसता ढोंगी असता तर सोपं होतं. ते म्हणाले, "चार आयांना काय कळवायचं होतं मी? पोरं झोपेत बुडाली? मी त्यांना मान वर करून जगता येईल असं काहीतरी दिलं."

"त्यांना दिलंत," बायको म्हणाली, "आणि स्वतःला बढती. डबा खाऊन जा. अन्नावर राग नाही माझा."

साहेबांनी डबा खाल्ला नाही. टेबल, छत्री, थर्मास गोळा झालं आणि गाडी गेली. पुढच्या महिन्यात कळलं, की साहेबांनी ती जागा सोडून टेकडीच्या माथ्यावर दुसरी घेतली. वारं चांगलं येतं, असं सगळ्यांना सांगतात म्हणे. तेव्हाही त्यांचा तंबू वरच होता. भाषणं चालूच आहेत, शत्रू सत्तर झालेत.

पण साहेबांचं सोडा. साहेब साहेबच राहणार.

घरी जाताना बायको दोन पावलं पुढं चालत होती. मुकादमानं मध्ये एकदा तोंड उघडलं, तिनं नुसतं बघितलं, त्यानं मिटलं. घरी आल्यावर तंबूरावाला वाटलं, आता भांडी आपटेल, आता रडेल, आता बॅग भरेल. तिनं यातलं काहीच केलं नाही. तिनं कणीक मळली.

सकाळी सूर्य उगवताना तिनं त्याला उठवलं. बैठकीच्या खोलीत गिऱ्हाइकांची घडीची खुर्ची मांडून ठेवलेली. बरोबर फोटोच्या समोर, बुटांपासून हातभर अंतरावर. शेजारी पाण्याचा तांब्या.

"बसा," ती म्हणाली.

"अगं, पण मला..."

"मावळेपर्यंत. तुमचाच नियम आहे. पुढं काय बांधायचं का पाडायचं, ते नंतर बघू."

तो बसला. आठला मुकादम विचारत आला, तिनं दारातूनच सांगितलं, मालक साइटवर आहेत. मुकादमानं आत वाकून बघितलं, टोपी काढली आणि निघून गेला. त्यानंतर दिवसभर ती आपलं काम करत राहिली. केर काढताना त्याच्या पायांभोवतून केरसुणी फिरवली. तो पाय वर करायचा, ती पुढं जायची. दर तासाला येऊन खिडकीतून पडलेलं ऊन फरशीवर कुठवर आलं, तिथं खडूनं रेघ ओढायची. ऊन स्टुलाच्या पायाशी आलं, बुटांवर चढलं, पट्टीवर आलं, पितळ चमकलं, आणि वर सरकत निघून गेलं. त्यानं दोनदा उठायचा प्रयत्न केला. गुडघ्यासाठी म्हणून. मग तोच परत बसला.

ऊन गेल्यावर ती अंगणातून घमेलं घेऊन आली, ते पालथं घातलं, त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "काय काय दिसलं?"

तंबूराव बुटांकडे वाकला. मग म्हणाला, "डाव्या बुटाची नाडी त्याची नाही. माझी आहे. त्याची तुटली होती त्या सकाळी. मी माझी काढून दिली आणि दिवसभर सुतळी बांधून चाललो. तीस वर्षं समोर आहे, आज दिसली."

तिनं वाकून डाव्या बुटाची नाडी बोटांत घेऊन बघितली. उजवीपेक्षा जरा रुंद होती. इतकी वर्षं पॉलिश करताना तिलाही कधी दिसली नव्हती.

"अजून?"

"पट्टीचे स्क्रू गंजलेत."

"पाना आणू?"

"पान्यानं नाही निघत. स्क्रूड्रायव्हर लागतो."

"माहितीय मला काय लागतं," ती म्हणाली, आणि पदरातून स्क्रूड्रायव्हर काढून त्याच्या हातात दिला. सकाळपासून जवळच होता तिच्या.

चार स्क्रूंपैकी तीन निघाले. चौथा गंजून बसलेला, त्याचं डोकं तुटून आलं आणि बाकीचा भिंतीतच राहिला. पट्टी खाली आल्यावर मागे भिंतीचा मूळ रंग दिसला, हातभर रुंद, स्वच्छ. फोटोतला माणूस तसाच हसायच्या बेतात. तिनं पट्टी कपाटात, पदकाशेजारी ठेवली आणि ते कपाट त्याच्याच अंगावर आदळल्यासारखं लावलं.

"मी तुमच्याशी नीट बोलायला किती दिवस घेईन, मला माहीत नाही," ती म्हणाली. "विचारू नका."

"नाही विचारत."

"बाकी तिघांचे पत्ते आहेत?"

"आहेत."

"कुणाची आई अजून आहे?"

"एकाची. फार म्हातारी आहे. ऐकू कमी येतं तिला."

"मग मोठ्यानं सांगा," ती म्हणाली आणि घमेलं उचलून अंगणात ठेवायला गेली. "पहाटे निघू. तंबू घ्या, वाटेत लागेल. माझा वेगळा."